इतिहाससंशोधकांची सभा

वकिलांचे संघ असतात, वैद्यांच्या परिषदा भरतात, सोनारांच्या व शिंप्यांच्या पंचायती तर फार जुन्या. धंद्याची अब्रू राखणें, नव्या माणसाला पारखून घेणें आणि आपसांतले तंटे आपसांत मिटविणें हा अशा संघांचा उद्देश. परंतु इतिहास लिहिणें हा धंदा आहे काय? एकांतांत दिव्यापाशीं बसून जुने कागद लावणाऱ्या माणसाला संघाचें प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत येईल. महाराष्ट्रांत या प्रश्नाचें उत्तर १९१० सालीं पुण्यांत मिळालें, आणि ज्यांनीं तें दिलें त्यांपैकीं बहुतेक जण इतिहासाचे पगारी अध्यापक नव्हते.

पश्चिमेकडील देशांत अशा संस्था त्यापूर्वींच निघाल्या होत्या. इंग्लंडांत रॉयल हिस्टॉरिकल सोसायटी १८६८ सालीं स्थापन झाली. अमेरिकेंत १८८४ सालीं साराटोगा येथें अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन उभी राहिली. पुढें १९२१ सालीं आर्कान्सा विद्यापीठांत नेल्स क्लेव्हन या प्राध्यापकानें केवळ इतिहासाच्या विद्यार्थ्यांकरितां 'फाय आल्फा थीटा' नांवाची मानाची सभा काढली. अभ्यासांत ठराविक दर्जा दाखविल्यावांचून तिचें सभासदत्व मिळत नाहीं. आधीं विद्यापीठ, मग अध्यापक, मग त्यांचा संघ आणि शेवटीं विद्यार्थ्यांचा मान, असा तिकडचा सरळ क्रम आहे. महाराष्ट्रांत तो उलटा झाला. पुण्यास विद्यापीठ झालें तें १९४९ सालीं; इतिहाससंशोधकांचें मंडळ त्याच्या आधीं जवळजवळ चाळीस वर्षें काम करीत होतें. गुणपत्रिका दाखवून त्यांत शिरतां येत नसे. जुना कागद आणावा, तो वाचून दाखवावा, आणि त्यावर जे आक्षेप येतील त्यांना तोंड द्यावें, एवढीच काय ती तेथली परीक्षा.

मंडळाच्या आधीं काम होत नव्हतें असें नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक प्रभृतींनीं १८७८ सालीं 'काव्येतिहाससंग्रह' हें मासिक काढून बखरी व पत्रें छापण्याचा पाया घातला. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे शाळेंत संस्कृत शिकवीत आणि उरल्या वेळांत पटवर्धनी दप्तरें चाळीत. त्यांचा 'ऐतिहासिक लेखसंग्रह' १८९७ सालीं सुरू झाला. साताऱ्यास दत्तात्रेय बळवंत पारसनीस संग्रह जमवीत होते. आणि वाईस सांपडलेल्या कागदांवरून विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. १७५० पासून पानिपतापर्यंतच्या अकरा वर्षांचीं पत्रें त्यांत आहेत, आणि त्याची प्रस्तावना हाच एक ग्रंथ आहे.

हे सारे एकेकटे वीर होते, आणि एकट्याच्या कामाचे दोष त्यांच्या कामांत उतरले होते. एकाला सांपडलेला कागद दुसऱ्यास दिसत नसे. ज्याच्या घरीं दप्तर असे तो तें दाखविण्यास धजत नसे, आणि त्याला कारणहि तसेंच होतें. इनाम कमिशनच्या चौकशा लोक विसरले नव्हते. घरांतील जुना कागद परक्याच्या हातीं गेला म्हणजे वतनावर संकट आलें, अशी देशमुख-देशपांड्यांची व इनामदारांची पक्की समजूत होती. म्हणून माळ्यावर दप्तरें कसरीनें खाल्लीं, पावसानें भिजलीं, कोठें वाण्याच्या पुड्यांना गेलीं. परंतु बाहेर निघालीं नाहींत. राजवाडे गांवोगांव हिंडत, स्वतःच्या हातानें स्वयंपाक करीत, मालकाच्या ओटीवर बसून नकला उतरीत. त्यांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी पुष्कळ आहेत, आणि त्यांतील निम्म्या तरी खऱ्या असाव्यात. पण एक माणूस किती माळे धुंडाळणार?

७ जुलै १९१० या दिवशीं, शके १८३२ मध्यें, राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण ऊर्फ तात्यासाहेब मेहेंदळे यांनीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. ही जोडी मोठी विलक्षण होती. एकाजवळ विद्या, तडफ आणि कोणाचीहि पर्वा न करण्याची वृत्ति. दुसऱ्याजवळ घराण्याचें वजन, राहता वाडा आणि स्वतः मागें राहून दुसऱ्याकडून काम करून घेण्याचें शहाणपण. संस्थेच्या इतिहासांत पहिल्याचें नांव ठळक लिहिलें जातें. परंतु दुसऱ्यावांचून पहिलें वर्षहि पार पडलें नसतें. मंडळ आरंभीं मेहेंदळ्यांच्याच वाड्यांत भरत असे. सदाशिव पेठेंतील स्वतःची वास्तु पुढें झाली.

मंडळाचें खरें यंत्र म्हणजे त्याची सभा. ठराविक मुदतीनें सभासद जमत. कोणी एखादें पत्र, महजर, ताम्रपट किंवा नाणें पुढें ठेवी, त्यावर टिपण वाची, आणि मग चर्चा सुरू होई. वर्षाअखेर सर्व टिपणें इतिवृत्तांत छापलीं जात. संमेलनें भरत, त्यांचींहि वृत्तें निघत. पुढें त्रैमासिक सुरू झालें. जमणाऱ्यांत शाळामास्तर होते, वकील होते, कारकून होते, संस्थानांतले नोकर होते. आपल्या गांवच्या देवळाच्या शिलालेखाचा ठसा घेऊन येणारा माणूस आणि नामांकित पंडित एकाच सतरंजीवर बसत. बोलणें मराठींत, लिहिणें मराठींत. राजवाड्यांचा या बाबतींतला आग्रह सर्वश्रुत आहे. त्या आग्रहानें मराठी भाषेला संशोधनाचा कस आला. मात्र महाराष्ट्राबाहेरच्या विद्वानांस मंडळाचें काम दीर्घकाळ दिसलेंच नाहीं, हेंहि तितकेंच खरें. जदुनाथ सरकारांसारखा एखादा मुद्दाम मराठी शिकला. बाकीचे शिकले नाहींत.

सभेची आवश्यकता कशासाठीं, हें श्रोत्यांच्या ध्यानीं येण्यास पेशवाईंतील एखादें साधें पत्र डोळ्यांपुढें आणावें. पत्राच्या शेवटीं 'छ' हें अक्षर, त्यापुढें एक आंकडा आणि सफर, रजब किंवा रमजान असें मुसलमानी महिन्याचें नांव, एवढीच मिति असते. 'छ' म्हणजे चंद्र. महिन्याचा चंद्र कितवा, तेवढें लेखकानें सांगितलें. वर्ष कोणतें, हें सांगण्याची त्याला गरज वाटली नाहीं, कारण वाचणाऱ्याला तें ठाऊक होतें. कोठें वर्ष दिलेंच, तर तें अरबी शब्दांत असतें. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. मिळून सुहूर सन ११६१, अर्थात् इसवी सन १७६०-६१, पानिपताचें वर्ष. या शब्दांतला एक चुकीचा वाचला कीं पत्र दहा वर्षें मागें किंवा शंभर वर्षें पुढें जाऊन पडतें, आणि मेलेला सरदार स्वारीवर निघतो. मोडी लिपींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं. अशा कागदाचा काळ ठरवितांना एका माणसाची बुद्धि जेथें अडखळते, तेथें शेजारी बसलेल्या दुसऱ्याला एखाद्या निराळ्या दप्तरांतील पत्र आठवतें आणि गांठ सुटते. कित्येकदां गांठ सुटत नाहीं आणि भांडण मात्र सुरू होतें. मंडळानें दोन्ही गोष्टी छापल्या, हा त्याचा मोठेपणा.

याचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद. वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७, ही तिथि बखरींच्या आधारें सर्वमान्य झाली होती. शाळेच्या पुस्तकांत तीच, उत्सवांत तीच. पुढें भोराकडील कारी येथील जेधे देशमुखांच्या दप्तरांतून एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हातीं आली. १६१८ पासून १६९७ पर्यंतच्या घडामोडी तींत वर्षवार टिपलेल्या आहेत. भाषा कोरडी, वर्णन नाहीं, स्तुति नाहीं. तिथि, वार आणि घडलेली गोष्ट एवढेंच. तींत महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ रोजीं झाल्याचें नमूद आहे, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. टिळकांनीं ही शकावली मंडळाच्या चतुर्थ संमेलनाच्या वृत्तांत, १९१६ सालीं, प्रसिद्ध केली.

ज्या पुरुषाचें नांव महाराष्ट्रांत देवाच्या जोडीनें घेतलें जातें, त्याच्या वयांत जवळजवळ तीन वर्षांचा फरक एका अनामिक टिपणानें करावा, ही गोष्ट सहजासहजीं पचणारी नव्हती. मंडळांतच दोन तट पडले. शकावली कोणीं लिहिली, केव्हां लिहिली, तींतल्या इतर तिथींचा वाराशीं मेळ बसतो कीं नाहीं, हें पंचांगाच्या गणितानें तपासण्यांत आलें. तिथि आणि वार यांचा मेळ ही मोठी कडक कसोटी आहे. मागाहून रचलेला कागद तींत बहुधा सांपडतो. त्यानंतर सदाशिव महादेव दिवेकर यांस तंजावरास कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्याचें हस्तलिखित मिळालें, आणि मंडळानें तें १९२७ सालीं छापलें. परमानंद हा महाराजांच्याच पदरचा कवि, आणि त्याच्या काव्यांतहि शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीयाच निघाली. मावळांतला एक देशमुख आणि तंजावरच्या ग्रंथालयांतला एक कवि हे परस्परांस न विचारतां एकच तिथि सांगतात, तेव्हां नाकारणाऱ्याची बाजू लंगडी पडते. तरीहि वाद संपला नाहीं. पुढें शासनानें समिति नेमली, तींत मंडळाचेच नामांकित संशोधक बसले, आणि तेथेंहि सर्वांचें एकमत झालें नाहीं. सरकारी जयंतीस १९ फेब्रुवारी ही तारीख लाभली ती एकविसाव्या शतकाच्या आरंभीं. आजहि कित्येक ठिकाणीं जयंती तिथीप्रमाणें वेगळी साजरी होते. पंचाऐंशी वर्षें चाललेल्या या चर्चेंत पुष्कळ कडवट शब्द बोलले गेले. पण पुरावा पुराव्यानें खोडावा लागतो, ही गोष्ट सामान्य वाचकाच्या अंगवळणी पडली ती याच वादामुळें.

कडवट शब्दांचा विषय निघालाच आहे, तर मंडळाच्या संस्थापकाची हकीकत टाळतां येत नाहीं. ज्या राजवाड्यांनीं मंडळ काढलें तेच मतभेद विकोपास जाऊन मंडळांतून बाहेर पडले आणि धुळ्यास जाऊन राहिले. सभेंत बसून बहुमतानें चालणें हा त्यांचा पिंडच नव्हता. संस्था काढण्यास जो स्वभाव लागतो तो संस्था चालविण्यास नडतो, असा अनुभव इतरत्रहि आहे; पण येथें तो फारच लवकर आला. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं राजवाडे धुळ्यास वारले. त्यांच्या मागें राहिलेल्या कागदांसाठीं व टिपणांसाठीं तेथें लगेच १९२७ सालीं राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें. म्हणजे या माणसानें एक संस्था जोडून दिली आणि दुसरी मरणानें दिली. पुण्याच्या मंडळानेंहि त्यांची स्मृति टाकली नाहीं.

दुसरा कलह घरांतला नव्हता, सरकारशीं होता. पुण्यांतच पेशवे दप्तर पडून होतें. महाराष्ट्राच्या इतिहासाचा एवढा मोठा सांठा दुसरीकडे नाहीं. आणि तो पाहण्याची मोकळीक संशोधकांस नव्हती. सरकारचें म्हणणें असें कीं, दप्तरांत इनामाचे व वतनाचे कागद आहेत, ते वाटेल त्याला दाखवितां येत नाहींत. मंडळानें वर्षानुवर्षें मागणी केली. सरकारनें १९१९ सालीं हिंदी ऐतिहासिक कागदपत्रांचें एक कमिशन नेमलें होतें; त्यांत सरकारास पसंत पडलेले विद्वान असत. अखेर दप्तर उघडलें, परंतु निवड करून छापण्याचें काम मिळालें तें मंडळाला नव्हे, तर बडोदें संस्थानच्या सेवेंतून निवृत्त झालेले गोविंद सखाराम सरदेसाई यांना. जदुनाथ सरकार त्यांचे स्नेही व सल्लागार. १९३० ते १९३४ या काळांत सरदेसायांनीं पंचेचाळीस खंड बाहेर काढले.

एवढ्या थोड्या वेळांत एवढें काम कोणीहि केलें नसतें, हें निःपक्षपाती माणसाला मान्य करावेंच लागेल. परंतु पुण्याच्या संशोधकांचें दुःखहि समजण्यासारखें आहे. ज्यांनीं वीस वर्षें आपल्या पदरच्या पैशानें कागद जमविले, मोडी वाचून डोळे शिणविले, त्यांना घराशेजारचें दप्तर बंदच राहिलें. जदुनाथांना वाटे कीं, या मंडळींना कागदाचा मोह आहे, इतिहासाची दृष्टि नाहीं. एकेक कपटा छापून इतिहास होत नाहीं. मंडळाला वाटे कीं, अस्सल कागद सर्वांसमोर ठेवल्यावांचून लिहिलेला इतिहास म्हणजे एका माणसाचा अभिप्राय. हा वाद नुसत्या मानापमानाचा नव्हता. निवड कोणीं करावी, निवडींत जें गळलें तें कोणीं पाहावें, या प्रश्नांची उत्तरें दोन्ही पक्षांनीं निरनिराळीं दिलीं. सरदेसायांचे खंड आज प्रत्येक अभ्यासकाच्या हाताशीं लागतात; आणि त्यांत न आलेल्या रुमालांसाठीं त्याला पुन्हा मूळ दप्तराकडेच जावें लागतें. तेव्हां दोघांनाहि आपापलें म्हणणें खरें ठरल्याचा आनंद मानतां येईल.

या भांडणाच्या ऐन धामधुमींत मंडळाला पंचवीस वर्षें पुरीं झालीं. दत्तो वामन पोतदार हे त्या काळांत मंडळाचे कर्तेधर्ते. रौप्यमहोत्सव म्हणजे भाषणें, हारतुरे आणि फराळ, असा प्रघात असतांना त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निराळीच कल्पना काढली. सरकारी कमिशनला उत्तर म्हणून कीं काय, त्यांनीं १९३५ च्या जून महिन्यांत साऱ्या हिंदुस्थानांतील इतिहासाच्या अध्यापकांस व अभ्यासकांस पुण्यास बोलाविलें. अलाहाबाद विद्यापीठाचे सर शफाअत अहमद खान अध्यक्ष झाले. पुण्याच्या पेठेंत, पेशव्यांच्या कागदांवर जगणाऱ्या मंडळाच्या आमंत्रणावरून ही परिषद भरली आणि तिच्या अध्यक्षस्थानीं अलाहाबादचा एक मुसलमान विद्वान बसला, ही त्या वर्षांच्या राजकारणाकडे पाहतां लहान गोष्ट नव्हे. त्या वेळीं परिषदेचें क्षेत्र अर्वाचीन इतिहासापुरतेंच होतें. १९३८ सालीं अलाहाबादेस दुसरें अधिवेशन देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें, त्यांत प्राचीन व मध्ययुगीन इतिहासहि आला आणि 'इंडियन हिस्टरी काँग्रेस' हें नांव कायम झालें. देशांतील इतिहासाच्या अध्यापकांची ती आज मुख्य परिषद आहे. तींत बसणाऱ्या फार थोड्यांना तिचा जन्म सदाशिव पेठेंतल्या एका मराठी मंडळाच्या वाढदिवसांतून झाला हें ठाऊक असेल.

मंडळाच्या पदरीं दोष नव्हते असें म्हणणें म्हणजे मंडळाचीच रीत मोडणें होय. सभेंत बसणारे बहुतेक पुण्याच्या एका थरांतले होते. कागद देशमुखांच्या, पाटलांच्या, सरदारांच्या वाड्यांतून आले, परंतु ते वाचणारे त्या घरांतले फारसे झाले नाहींत. शेत कसणाऱ्याचा, विणणाऱ्याचा, बलुतेदाराचा इतिहास त्याच दप्तरांत निजलेला असतां लक्ष गेलें तें स्वाऱ्या, तह आणि वंशावळी यांकडे. राजवाड्यांचें स्वतःचें लक्ष भाषेकडे, गांवगाड्याकडे व समाजाकडे होतें. त्यांच्या पश्चात् ती दिशा बरींच वर्षें ओस पडली.

मराठ्यांच्या इतिहासाची एक बाजू फारसींत आहे, ही जाणीव मात्र मंडळाला वेळेवर झाली. गणेश हरि खरे यांनीं फारसी भाषा आत्मसात् केली आणि 'ऐतिहासिक फारसी साहित्य' या नांवानें मूळ फर्मानें व खुर्दखतें मराठी भाषांतरासह छापण्यास आरंभ केला. आदिलशाही, निजामशाही व मोगल दरबार आपल्या देशमुखांशीं कोणत्या शब्दांत बोलत, हें त्यामुळें मराठी वाचकाला प्रथमच नीट कळलें. खरे मंडळांत आयुष्यभर राहिले. शिलालेख, मूर्ति, नाणीं, नकाशे, जें जें तेथें येई त्याची नोंद त्यांच्या हातून होई. १९८५ सालीं ते वारले.

आज मंडळाच्या संग्रहांत लक्षावधि मराठी व फारसी कागद, सहस्रावधि हस्तलिखितें, जुनीं चित्रें व नाणीं आहेत. त्यांतले छापून झालेले कागद म्हणजे समुद्रांतून भरून घेतलेली एक घागर. वाचणारे हात कमी आहेत. म्हणून मंडळ मोडीचे वर्ग चालवितें आणि तेथें महाविद्यालयांतील मुलें, निवृत्त कारकून, गृहिणी, आपल्या वाडवडिलांचे दस्तऐवज कांखोटीस मारून आलेले शेतकरी, असे सर्व तऱ्हेचे लोक शेजारीं शेजारीं बसतात. मोडी लिहिणारा कारकून प्रथम कागदावर आडव्या रेघा ओढून घेई आणि मग त्यांना अक्षरें लटकवीत जाई. लेखणी उचलली जाई ती शाई संपल्यावर. तेव्हां नवशिक्यापुढें पहिली अडचण अक्षराची नसते. शब्द कोठें संपला हें त्याला कळत नाहीं, आणि शेजारच्याला विचारावें लागतें.